दोन चाके आणि चोवीस उपग्रह

घराबाहेर पडणाऱ्या माणसाला दोन ओढी असतात. एक दूर जाण्याची आणि दुसरी, आलो ते नेमके कोठे, हे जाणण्याची. पहिलीसाठी त्याने पाय झिजवले, घोडे पाळले, गाड्या जुंपल्या, आगगाडी आणि विमान निर्माण केले. दुसरीसाठी तो ताऱ्यांकडे पाहत आला, होकायंत्र वापरू लागला, नकाशे काढू लागला. या दोन्ही ओढींची गाठ आज एका अगदी साध्या जागी पडली आहे. ती जागा म्हणजे सायकलचे हँडल. रविवारी पहाटे इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव यांपैकी कोणत्याही शहराच्या नाक्यावर थोडा वेळ थांबले, तर हौसेने निघालेल्या सायकलस्वारांचा एखादा घोळका हटकून दृष्टीस पडतो. त्यांतील बहुतेकांच्या हँडलवर काड्यापेटीएवढे एक यंत्र बसवलेले असते, किंवा मोबाइल तरी अडकवलेला असतो. त्या चिमुकल्या पडद्यावर एक ठिपका हलत असतो. तो ठिपका म्हणजे स्वतः सायकलस्वार.

या ठिपक्याचे कौतुक करण्यापूर्वी सायकलची थोरवी सांगितली पाहिजे. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मानहाइम शहराबाहेर कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थाने दोन चाकांचे एक लाकडी वाहन पायांनी जमीन रेटीत चालवून दाखवले. त्याला पायटे नव्हते आणि साखळीही नव्हती. इंग्लंडात १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी सुरक्षित सायकल प्रचारात आणली. तीन वर्षांनी, १८८८ साली, डनलॉपने हवेचा टायर तयार केला. आजच्या सायकलचा सांगाडा त्या दोन शोधांवरच उभा आहे. चालणारा माणूस तासाला पाच किलोमीटर जातो. तेवढ्याच श्रमांत सायकलस्वार सहज पंधरा किलोमीटर कापतो. परंतु सायकलचा खरा गुण तिच्या वेगात नाही. तिचा वेग डोळ्यांना सोसतो, हा तिचा गुण. मोटारीतील प्रवाशाला शेत दिसते, पण शेतात काय पेरले आहे ते दिसत नाही. सायकलवरच्या माणसाला पीक दिसते, त्याचा वास येतो, आणि बांधावरच्या माणसाने हाक मारली तर ती ऐकूही येते. शिवाय चढ किती आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. ते त्याच्या मांड्यांना कळते.

या वाहनाच्या बळावर माणसाने कोठवर मजल मारावी? १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो पुरा केला आणि १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईस परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटरांचा तो प्रवास होता. इराणचा वैराण मुलूख आणि अरबस्तानच्या कडेचे वाळवंट त्यांनी ओलांडले ते नकाशाच्या, होकायंत्राच्या आणि वाटेत भेटलेल्या माणसांच्या भरवशावर. चुकले तर त्यांना सावध करणारे यंत्र अस्तित्वातच नव्हते.

आता दुसऱ्या ओढीकडे वळू. ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर अचूक द्यायचे, तर दोन आकडे लागतात, एक अक्षांशाचा व एक रेखांशाचा. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेषा उज्जयिनीवरून कल्पिली होती. पुढे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने तेथे वेधशाळा बांधली आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. परंतु साऱ्या देशाची जमीन साखळीने व कोनाने मोजून काढण्याचे काम सुरू झाले ते १८०२ साली. त्या वर्षी १० एप्रिल रोजी विल्यम लँबटन याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे १२ किलोमीटरांची एक पायारेषा मोजावयास घेतली. एवढी एक रेषा मोजण्यास ५७ दिवस लागले. त्या रेषेवर एक त्रिकोण, त्या त्रिकोणावर दुसरा, अशी त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत गेली. कोन मोजण्याचे थिओडोलाइट नावाचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली, सरफोजीराजांच्या काळात, तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र आपटून निकामी झाले. लँबटनने ते स्वतः बसून दुरुस्त केले. १८१५ मध्ये बीदरजवळ नवी पायारेषा मोजली गेली. २० जानेवारी १८२३ रोजी, काम अर्ध्यावर असताना, वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे लँबटन वारला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने १८२४ साली माळव्याच्या वाटेवरील सिरोंज येथे पुढची रेषा मोजली. हैदराबादेचा, वऱ्हाडाचा किंवा ग्वाल्हेरचा जो सायकलस्वार आज पडद्यावर आपले अक्षांश पाहतो, त्याच्या पायाखालची जमीन अशा रीतीने मोजलेली आहे. त्या मोजणीत ताप, वाघ आणि पावसाळा यांनी किती माणसे खाल्ली, त्याची जाणीव ठेवूनच त्या आकड्यांकडे पाहावे.

शंभर-सव्वाशे वर्षांनी हेच काम आकाशातून करण्याची युक्ती निघाली आणि तीही उलट्या बाजूने. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन शास्त्रज्ञ त्याचे बीप-बीप ऐकत बसले. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी आणि दूर जाणारीची उतरती वाटते, तसाच फरक त्या ध्वनीलहरींच्या नव्हे पण रेडिओलहरींच्या पट्टीत पडत होता. त्या फरकावरून उपग्रहाची कक्षा काढता येते, असे त्यांनी दाखवले. तेव्हा त्यांच्या वरिष्ठांनी, फ्रँक मॅक्क्लुअर यांनी, प्रश्न फिरवला. ऐकणाऱ्याची जागा ठाऊक असेल तर उपग्रहाची जागा कळते. मग उपग्रहाची जागा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याची कळणार नाही काय? या एका प्रश्नातून स्थाननिश्चितीचे सारे शास्त्र निघाले. प्रथम नौदलासाठी ‘ट्रान्झिट’ नावाची योजना झाली. १९७३ मध्ये आजच्या जीपीएस योजनेचा आराखडा ठरला, १९७८ मध्ये तिचा पहिला उपग्रह गेला आणि १९९५ मध्ये चोवीस उपग्रहांची व्यवस्था पुरती कार्यान्वित झाली. आता ही संख्या तिसांच्या घरात आहे. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायदू अशा इतर मालाही आकाशात आहेत. भारताच्या नाविक मालेतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला.

ही व्यवस्था चालते कशी, ते समजावयास गणिती असण्याची गरज नाही. वीज चमकली आणि गडगडाट तीन सेकंदांनी ऐकू आला, तर वीज सुमारे एक किलोमीटरवर पडली असे खेड्यातील जाणता माणूसही सांगतो. जीपीएसचे तत्त्व हेच. जमिनीपासून सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवर फिरणारा प्रत्येक उपग्रह आपण कोठे आहोत आणि घड्याळात किती वाजले, एवढेच अखंड सांगत असतो. त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगाने निघतो, तरी जमिनीवर पोचावयास त्याला सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका वेळ लागतो. त्या विलंबावरून अंतर निघते. तीन उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा ठरते. परंतु हँडलवरचे घड्याळ स्वस्तातले असल्यामुळे त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. उपग्रहावरचे घड्याळ मात्र अणूंवर चालणारे असते. तेथे सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली, तर जमिनीवर तीनशे मीटरांचा फरक पडतो. एवढेच नव्हे, तर आइनस्टाइनचा सिद्धांतही येथे विचारात घ्यावा लागतो. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ते घड्याळ पुढे धावते आणि वेगामुळे काहीसे मागेही पडते. दोन्हींची वजाबाकी केली की दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. हा हिशेब सोडला, तर एका दिवसात दहा किलोमीटरांच्या वर चूक साचेल. ज्या सिद्धांताला १९१५ साली केवळ पंडितांचा विषय समजत, तो आज सायकलस्वाराला चहाच्या टपरीचा रस्ता दाखवतो.

ही विद्या आरंभी लष्करी होती. ती सर्वांच्या हाती आली त्यामागे एक दुःखद घटना आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि ते पाडण्यात आले. २६९ माणसे दगावली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने ही व्यवस्था पुरी झाल्यावर नागरी वापरासाठी विनामूल्य खुली करण्याचे जाहीर केले. तरीही नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि त्यामुळे जागा शंभर मीटरांपर्यंत इकडेतिकडे दिसे. २ मे २००० रोजी ती भेसळ बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली लपवली, तिच्यात वही, पेन्सिल आणि काही वस्तू ठेवल्या आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. सापडेल त्याने एखादी वस्तू घ्यावी, एखादी ठेवावी आणि वहीत नोंद करावी, एवढाच नियम. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधून काढली. त्यातून ‘जिओकॅशिंग’ नावाचा शोधाशोधीचा खेळ जगभर पसरला. आज मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइललाही पाच मीटरांच्या आसपास जागा कळते.

मग हौशी सायकलस्वाराने या देणगीचे करावे काय? पहिला उपयोग उघड आहे. निघण्यापूर्वी मार्ग आखता येतो, चढ किती व उतार किती ते पाहता येते, आणि परतल्यावर कोठे किती वेळ लागला याची नोंद राहते. पण याहून मोलाचा एक उपयोग आहे व तो इंग्लंडात प्रथम ध्यानात आला. तेथे सरकारी नकाशाखात्याचे नकाशे उत्तम, परंतु त्यांचा वापर पैसे व परवानगीवाचून करता येत नसे. २००४ साली लंडनमध्ये शिकत असलेल्या स्टीव्ह कोस्ट या तरुणाने सर्वांनी मिळून, सर्वांसाठी काढावयाच्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या मोकळ्या नकाशाची कल्पना मांडली. मे २००६ मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावर काही हौशी मंडळी जमली. कोणी पायी, कोणी मोटारीने, कोणी सायकलने बेट पिंजून काढले आणि यंत्रांनी टिपलेल्या वाटा जोडून दोन दिवसांत बेटाचा नकाशा बराचसा उभा केला. या कामात सायकलस्वार नेहमीच उपयोगी ठरला. मोटार जेथे शिरत नाही तेथे तो शिरतो आणि पायी माणसाला जेवढे जमत नाही तेवढे तो एका दिवसात फिरतो.

ही केवळ रिकामपणची करमणूक नव्हे, याचा प्रत्यय १२ जानेवारी २०१० रोजी आला. त्या दिवशी हैती देशात भयंकर भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा कामास येईल असा तपशीलवार नकाशा मदतीस गेलेल्यांपाशी नव्हता. तेव्हा जगभरच्या हौशी नकाशाकारांनी उपग्रहांवरून घेतलेली छायाचित्रे समोर ठेवून गल्ल्या, पूल, दवाखाने आणि तंबूंच्या वसाहती रेखाटल्या. बचावाचे काम करणाऱ्यांनी तो नकाशा आपल्या हातातील यंत्रांत भरून घेतला. फुरसतीत अंगवळणी पडलेली विद्या अशी संकटात कामास आली.

भारतातील चित्रही बदलले आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा. दीर्घकाळ नकाशे हा येथे जपून ठेवण्याचा विषय होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढून नकाशे व भौगोलिक माहिती तयार करण्यावरील बरेचसे निर्बंध सैल केले. ज्या जागा संवेदनशील म्हणून वगळल्या आहेत त्या सोडल्या, तर आपल्या तालुक्यातील पाणवठा, पार, धर्मशाळा, साकव, बारव यांची नोंद करण्यास आता आडकाठी उरलेली नाही. यात मराठी भाषकांनी लक्ष घालावे असे एक विशेष कारण आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी वस्त्यांत एकाच ठिकाणाची दोन-तीन नावे नांदतात. घरात बडोदे म्हणतात, स्थानकावर वडोदरा लिहिलेले असते. एखाद्या ओढ्याचे, खिंडीचे किंवा वाडीचे मराठी नाव तर आता केवळ म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलेले असते. मोकळ्या नकाशात एका जागेची अनेक भाषांतील नावे शेजारी शेजारी नोंदवता येतात. एक नाव लिहिल्याने दुसरे पुसावे लागत नाही. ते म्हातारे गेल्यावर ती नावे विचारावयास जागा राहणार नाही.

या साऱ्याचा अनुभव घेण्यास एक मार्ग फार सोयीचा आहे. इंदुराहून उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर. तेथे जयसिंहाची वेधशाळा पाहून उत्तरेस तीसेक किलोमीटर गेले की डोंगळा नावाचे खेडे लागते. भीमबेटकाच्या चित्रगुहा १९५७ साली उजेडात आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी या गावाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, कारण कर्कवृत्त येथून जाते. आता तेथे वराहमिहिराच्या नावाची वेधशाळा आहे. २१ जूनच्या सुमारास मध्यान्ही येथे उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सायकलस्वाराने येथे आपले यंत्र काढून पाहावे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर आणि एक सेकंद म्हणजे अवघे ३१ मीटर, एवढे कोष्टक पाठ असले की पडद्यावरचे आकडे बोलू लागतात. कर्कवृत्त हल्ली २३ अंश, २६ मिनिटे, १० सेकंदांच्या जवळपास आहे. ‘हल्ली’ म्हणावयाचे कारण असे की पृथ्वीच्या आसाचा कल मंदपणे घटत असल्यामुळे ही रेषा दरवर्षी सुमारे १५ मीटर दक्षिणेस सरकते. पंचवीस वर्षांत ती साडेतीनशे मीटरांच्या वर हलली. शाळेच्या नकाशातील ठाम तुटक रेषा प्रत्यक्षात शेतामागून शेत ओलांडत चालली आहे, हे सायकल बांधाला टेकवून, यंत्र हाती धरून पाहिल्याखेरीज पटत नाही.

परंतु येथवर यंत्राचे गुण सांगितले. दोषांकडे डोळेझाक करून भागणार नाही. मोकळ्या माळव्यात अचूक बोलणारे यंत्र सह्याद्रीत शिरले की चाचरते. वर दाट झाडी असली की संदेश क्षीण होतो आणि उभ्या कड्यावर आपटून आला की अंतर वाढलेले भासते. मग ठिपका रस्ता सोडून दरीत गेलेला दिसतो. उंचीचा आकडा तर जागेच्या आकड्याहून नेहमीच कमी विश्वासाचा. बेळगावहून गोव्याकडे चोर्ला घाटाने किंवा सावंतवाडीकडे आंबोलीच्या घाटाने उतरणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. आंबोलीस वर्षाकाठी सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा पावसात पडदा बोटांना दाद देत नाही, विजेरी संपते, धुक्यात समोरचे वळण दिसत नाही आणि लोखंडी ब्रेक भिजून हात आखडेपर्यंत दाबावे लागतात. नकाशावर ज्या रेषेला वाट म्हटले आहे ती गुरांची पायवाट असू शकते, आणि ती चोर्ल्याच्या बाजूला म्हादई अभयारण्यात शिरत असेल तर तेथे वनखात्याची परवानगी लागते. पडद्यावर वाट दिसली म्हणजे जाण्याचा अधिकार मिळाला, असे नव्हे. ओढ्याला आज पाणी किती, हे कोणत्याही उपग्रहाला ठाऊक नसते. ते पलीकडच्या वाडीतील माणसाला ठाऊक असते. म्हणून घाटात जाणाऱ्याने घरी मार्ग व परतण्याची वेळ सांगून निघावे, खिशात कागदी नकाशा ठेवावा, यंत्राला जादा वीज पुरवणारी बॅटरी, पंप, पंक्चरचे सामान आणि पाणी बरोबर घ्यावे, आणि दर गावी एकदा तरी थांबून विचारावे.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. यंत्र जागा दाखवते तशीच ती साठवूनही ठेवते. व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ या सेवेने जगभरच्या वापरणाऱ्यांच्या वाटा एकत्र करून एक चकाकता नकाशा प्रसिद्ध केला होता. जानेवारी २०१८ मध्ये एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले की ओसाड प्रदेशांत त्या नकाशावर काही आकृत्या उजळलेल्या आहेत. त्या लष्करी ठाण्यांच्या होत्या. तेथील सैनिक रोज सकाळी धावत आणि त्यांची मनगटे ते लिहून ठेवीत. सैनिकांचे जे झाले तेच एखाद्या गृहस्थाचेही होऊ शकते. रोज पहाटे कोणत्या दारातून निघतो आणि किती तास घर बंद असते, हे सर्वांना सांगण्याचे प्रयोजन नाही. नोंद जाहीर करावयाची तर घराजवळचा भाग लपवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, ती वापरावी. दुर्मीळ फुलांची, पक्ष्यांच्या घरट्यांची आणि न राखलेल्या शिल्पांची अचूक जागा तर मुळीच जाहीर करू नये. जेथे शंभर माणसे सहज पोचतात, तेथे पाहण्याजोगे फार दिवस राहत नाही.

तिसरी गोष्ट यंत्राची नसून माणसाची आहे. लंडनमध्ये टॅक्सी हाकण्याचा परवाना मिळवावयाचा, तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतील सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ असावे लागतात. २००० साली एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चालकांच्या मेंदूंची छायाचित्रे घेतली. स्थळांची स्मृती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा त्यांच्यात इतरांहून मोठा आढळला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात असे दिसले की तयारीपूर्वी उमेदवारांत हा फरक नव्हता. जे वर्षानुवर्षे अभ्यास करून उत्तीर्ण झाले, त्यांच्यात तो नंतर दिसू लागला. तात्पर्य, वाट लक्षात ठेवणे हा एक व्यायाम आहे. सायकलीवर बसून पायांना व्यायाम द्यावा आणि वाट शोधण्याचे सारे काम यंत्रावर सोपवून द्यावे, हा व्यवहार एकांगी झाला. पडद्यावरच्या बाणामागे चाळीस किलोमीटर जाऊन आलेल्या माणसाला वाटेतील तीन गावांची नावे विचारली आणि ती सांगता आली नाहीत, तर तो पोचला असे म्हणता येईल. त्याने प्रवास केला असे म्हणता येणार नाही.

यावर उपाय यंत्र फेकून देणे हा नव्हे. उपाय क्रम बदलण्याचा आहे. फाट्यावर आल्यावर प्रथम सूर्य, उतार, विजेच्या तारा, देवळाचे शिखर यांवरून दिशेचा अंदाज करावा. मग कोणी भेटले तर त्याला विचारावे. शेवटी यंत्र पाहावे आणि तिघांची उत्तरे जुळतात का ते ताडून घ्यावे. जुळली तर आत्मविश्वास वाढतो. न जुळली तर कोण चुकले हे शोधण्यात खरी मौज असते. काही वेळा चूक यंत्राची निघते आणि मग नकाशा दुरुस्त करण्याचे पुण्य पदरी पडते. मुलांना बरोबर नेले तर हा खेळ त्यांना फार आवडतो. पुढच्या टेकडीपर्यंत अंतर किती, याचा अंदाज त्यांनी आधी सांगावा आणि यंत्राने निकाल द्यावा. दोन-चार फेऱ्यांत त्यांचे अंदाज आश्चर्य वाटावे इतके सुधारतात.

अर्ध्या टनाचे यंत्र वाहून नेण्यासाठी लँबटनला माणसांचे तांडे लागत. आज तेच काम मुठीत मावते आणि त्यासाठी पैही पडत नाही. वीस हजार किलोमीटरांवरची घड्याळे दिवसरात्र वेळ सांगत आहेत. ती ऐकणारा श्रीमंत की गरीब, मोटारीतला की सायकलवरचा, हे ती विचारीत नाहीत. ती माणसाचे स्थान सांगतात. त्या स्थानी कोण राहते, तेथे पाणी कसे आहे, त्याला काय म्हणतात आणि का म्हणतात, हे मात्र सायकलवरून उतरून विचारावे लागते. पावसाळा ओसरला की रस्ते धुतलेले असतात, शेते भरलेली असतात आणि हवा थंड होऊ लागते. अशा एखाद्या रविवारी गावाबाहेरच्या, आजवर न गेलेल्या वाटेने वीस किलोमीटर जावे आणि यंत्रात नसलेले एक तरी नाव विचारून, वहीत लिहून परत यावे. पुढच्या वाटसरूला त्याचा उपयोग होईल.